घरातली किरकोळ दुरुस्ती स्वतः करताय? आधी बिघाड ओळखा, मग पाना उचला

नळ ठिबकतोय, बेसिन तुंबलंय, दार घासतंय, भिंतीचे पोपडे निघतायत, यातलं बरंचसं काम घरच्या घरी होऊ शकतं आणि त्यासाठी हात काही उपजत कारागिराचाच लागतो असं नाही. पण नवीन माणूस एक गोष्ट हमखास उलटी करतो. आधी दुकानात जाऊन सामान आणतो, मग नळ उघडतो, आणि मग कळतं की आणलेला वायसर या नळाला लागतच नाही. खरं काम असतं बिघाड नक्की कुठे आहे ते शोधायचं, एकदा ते सापडलं की स्क्रू पिळणं वगैरे अगदी थोड्या वेळाचा खेळ असतो. म्हणून खाली प्रत्येक ठिकाणी आधी काय तपासायचं ते लिहिलंय, दुरुस्ती त्यानंतर.

सगळ्यात आधी: काय कुठे बंद होतं

हे आजच करून टाका, काही बिघडलेलं नसताना. पाण्याचा मेन कॉक कुठेय, बाथरूमचा वेगळा आहे का, बेसिनखाली आणि फ्लश टाकीशेजारी जे छोटे अँगल कॉक असतात ते फिरतात का, हे हाताने फिरवून बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक ऐन वेळी जाम निघतो आणि जोर लावला की तुटतो, मग नळातून ठिबकणारं पाणी राहिलं बाजूला, पाइपमधूनच कारंजं. सहा महिन्यांतून एकदा बंद-चालू करत राहिलं की मोकळा राहतो. तसंच विजेच्या बोर्डावर कुठला एमसीबी (म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) कुठल्या खोलीचा ते एकेक पाडून बघा आणि शेजारी कागदाची चिठ्ठी चिकटवा. गॅसचा वॉल्व्ह कुठेय ते घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे, नुसतं तुम्हाला असून उपयोग नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. फुलीचा आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, एक अ‍ॅडजस्टेबल पाना, पक्कड, हातोडी, मोजपट्टी, टेस्टर, अ‍ॅलन कीचा छोटा सेट, टेफ्लॉन टेप, मास्किंग टेप, चांगली टॉर्च, हातमोजे आणि डोळ्यांवर लावायचा गॉगल. ड्रिल मशीन नंतर घेतलं तरी चालतं, एखाद्याकडून मागूनही भागतं. गॉगलला मात्र लोक हसतात आणि सोडून देतात, ते करू नका, डोक्यावरच्या भिंतीत भोक पाडताना सिमेंटचा चुरा सरळ डोळ्यात येतो.

ठिबकणारा नळ

सेकंदाला एक थेंब म्हणजे काही नाही असं वाटतं, पण दिवसाचे ८६,४०० सेकंद आणि साधारण ४००० थेंबांचा एक लिटर धरला तरी दिवसाला २० लिटरच्या वर पाणी जातं, म्हणजे एक मोठी बादली.

आधी बघा पाणी येतंय कुठून. नळ बंद असताना तोंडातून थेंब पडतोय तर आतला वायसर किंवा कार्ट्रिज गेलंय. नळ चालू केल्यावर मुठीच्या खालून, दांड्याच्या भोवतीने पाणी येतंय तर तिथलं पॅकिंग किंवा ओ-रिंग गेलीय. नळ भिंतीत जिथे शिरतो तिथून येतंय तर आट्यांवरची टेप गेलीय. तीन वेगळे आजार आहेत आणि तिन्हींना आपण "नळ गळतोय" एवढंच म्हणतो.

मग नळ कुठल्या जातीचा ते. चार-पाच वेळा गरागरा फिरवून बंद होणारा जुना नळ असेल तर आत रबरी वायसर आहे. पाव फेरीत उघडणारा-मिटणारा असेल, किंवा गरम-गार एकाच दांडीवर असेल, तर आत वायसर शोधत बसू नका, तिथे सिरॅमिकच्या चकत्यांचं कार्ट्रिज असतं आणि ते अख्खं बदलतात.

वायसरवाल्या नळाचं काम असं करा:

१. पाणी बंद करा आणि मग तोच नळ पूर्ण उघडा. पाइपात अडकलेलं पाणी निघून जातं आणि कॉक खरंच बंद झालाय की नाही तेही कळतं.

२. बेसिनच्या भोकात फडकं कोंबा. स्क्रू तिथेच पडतो, दुसरीकडे कुठे पडत नाही.

३. मुठीवरचं झाकण चपट्या स्क्रू ड्रायव्हरने अलगद उचला, खालचा स्क्रू काढा, मूठ वर ओढा. क्षार धरून जाम झाली असेल तर हातोडी मारू नका, मूठ हळूहळू इकडून तिकडे हलवत वर घ्या.

४. आता षटकोनी नट दिसेल. पान्याच्या जबड्याला कापड गुंडाळा म्हणजे नळाची पॉलिश खरवडत नाही, आणि दुसऱ्या हाताने नळ घट्ट धरून डावीकडे फिरवा. नळ धरला नाही तर भिंतीतला सांधा पिळला जातो आणि नवीनच गळती सुरू होते.

५. स्पिंडल, म्हणजे आतला दांडा, बाहेर आला की त्याच्या बुडाला वायसर दिसेल. खराब वायसरवर मधोमध गोल खाच पडलेली असते, काठ कडक झालेला असतो, कधी नखाने तुकडा निघतो. हा जुना वायसर खिशात टाकून दुकानात न्या, माप तोंडी सांगू नका.

६. नवीन बसवायच्या आधी नळाच्या आत बोट घालून ज्या कडेवर वायसर टेकतो ती कड फिरवून बघा. गुळगुळीत लागली तर ठीक. खरखरीत किंवा खड्डा लागला तर नवा वायसरसुद्धा थोड्याच दिवसांत कापला जाणार, अशा वेळी ती सीट घासून घ्यावी लागते नाहीतर नळच बदलावा. वायसर बदलूनही नळ ठिबकत राहतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं आणि लोक मात्र वायसरला शिव्या घालतात.

७. उलट क्रमाने जोडा, नळाच्या तोंडावरची जाळी काढून ठेवा, नळ उघडा ठेवूनच मेन कॉक हळूहळू सोडा. आधी फुसफुस हवा येईल, मग गढूळ पाणी, ते गेलं की नळ बंद करून जाळी लावा.

प्रत्येक भाग काढताना मोबाइलवर फोटो काढत जा आणि काढलेले भाग फडक्यावर काढलेल्या क्रमानेच ओळीत मांडा. जोडताना तीच ओळ शेवटून उचलायची.

कार्ट्रिजवाला नळ असेल तर वरची मूठ, खालची रिंग, मग कार्ट्रिज, एवढंच. कधी कधी नुसता वाळूचा कण अडकलेला असतो, वाहत्या पाण्याखाली धुऊन परत बसवून बघा. तरी ठिबकलं तर जुनं कार्ट्रिज नेऊन तस्संच आणा, बुडाच्या भोकांची जागा आणि दांड्याची उंची दोन्ही जुळायला हवं.

पाणी ठिबकत नाहीये पण धारच बारीक झालीय? सगळ्या नळांना बारीक आहे की एकालाच ते बघा. एकालाच असेल तर बहुतेक वेळा तोंडावरची जाळी क्षाराने भरलेली असते. हाताने फिरवून काढा, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर, फारच भरली असेल तर रात्रभर बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा. शॉवरलाही हेच औषध.

टेफ्लॉन टेप कुठे लावायची आणि कुठे नाही

आट्यांचं तोंड स्वतःकडे धरा आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, नाहीतर पिळताना ती उलगडत जाते. पहिला आटा रिकामा सोडा, टेप ताणून धरा म्हणजे आट्यांत बसते, पाच-सहा वेढे पुरतात. पण बेसिनखालचा लवचिक कनेक्शन पाइप असतो ना, ज्याच्या नटात रबरी वायसर असतो, तिथे टेप लावून काही होत नाही कारण तिथे पाणी रबर अडवतं, आटे नाही. तो हाताने घट्ट करा आणि मग पान्याने पाव फेरी. जास्त पिळलं की रबर चिरतं किंवा प्लॅस्टिकचा नट तडकतो. "अजून थोडं घट्ट करू" या एका वाक्याने जेवढे नट तुटले असतील तेवढे गंजून तुटले नसतील.

फुटलेल्या पाइपवर इपॉक्सी पुट्टी, म्हणजे दोन रंगांचे गोळे एकत्र मळून लावतात ती, हा तात्पुरता उपाय आहे. पाणी बंद, जागा कोरडी, पॉलिश पेपरने खरखरीत केलेली, आणि दोन्ही रंग मिसळून एकच रंग होईपर्यंत मळलेली असेल तरच धरते. ओल्या पाइपवर थापलेली पुट्टी दुसऱ्या दिवशी टोपीसारखी हातात येते.

फ्लश टाकीतून पाणी वाहतंय

रात्री शांत असताना टाकीतून सुर्र आवाज येतो आणि कमोडमध्ये बारीक धार दिसते. टाकीचं झाकण उचला, सिरॅमिकचं असेल तर सांभाळून आणि जमिनीवर आडवं ठेवा. आत एक उभी नळी दिसेल, ओव्हरफ्लोची. पाणी त्या नळीच्या तोंडापर्यंत चढून आत पडतंय का? पडत असेल तर भरणारा वॉल्व्ह वेळेवर बंद होत नाहीये, मग फ्लोटची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या भागाची, उंची कमी करा, कुठे स्क्रू असतो कुठे क्लिप असते, पाण्याची पातळी नळीच्या तोंडापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली राहिली पाहिजे. फ्लोट खाली करूनही पाणी थांबत नसेल तर वॉल्व्हमधला रबर किंवा वॉल्व्हच बदला.

पातळी बरोबर आहे आणि तरी वाहतंय, तर टाकीत खायच्या रंगाचे चार-पाच थेंब टाका आणि अर्धा तास कोणाला फ्लश करू देऊ नका. कमोडमध्ये रंग आला की खालच्या झडपेचा रबर गेलाय. अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करा, झडप काढा, रबरावर आणि तो टेकतो त्या कडेवर क्षार साचलाय का बघा. कधी नुसतं पुसून काम होतं, नाहीतर रबर बदला. झडप साखळीने उचलली जात असेल तर साखळी थोडी ढिली हवी, फार ताणलेली असली की झडप नीट बसतच नाही आणि माणूस रबर बदलत राहतो.

तुंबलेलं बेसिन

एकच बेसिन तुंबलंय की बाथरूमची मोरीसुद्धा भरतेय? दोन-तीन ठिकाणी एकदम तुंबलं असेल तर अडथळा पुढच्या मोठ्या लाइनमध्ये आहे, तिथे घरचा प्लंजर, म्हणजे दांड्याला रबराची वाटी असलेला पंप, पुरत नाही.

एकच असेल तर आधी जाळी काढून टॉर्च मारा. केसांचा गुंता वरच दिसला तर तारेच्या हुकाने ओढून काढा. मग प्लंजर: बेसिनला वरच्या काठाजवळ जे छोटं भोक असतं ते ओल्या फडक्याने घट्ट बंद करा, नाहीतर सगळा दाब तिथून निघून जातो आणि तुम्ही उगाच हवा मारत बसता. रबराची वाटी बुडेल एवढं पाणी ठेवा, वाटी तिरकी आत घालून हवा काढा, मग सरळ धरून वीस-एक वेळा दाबा-ओढा. ओढताना जोर जास्त.

तरी नाही झालं तर बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे पाणी साठवणारी बाटलीसारखी वाटी, उघडा. खाली बादली ठेवा, विसरू नका, बुडाची वाटी हाताने फिरवून काढा, घाण निघेल, वास येईल, ते धुवा, रबरी रिंग परत जागेवर बसवा आणि हातानेच घट्ट करा. मग कोरडा टिश्यू सांध्यावर फिरवून बघा, बारीक गळतीही टिश्यूवर लगेच दिसते.

बाटलीतल्या ड्रेन क्लीनरबद्दल माझं मत फार चांगलं नाही. त्यात बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो, पाण्याशी मिसळला की तापतो, कातडी आणि डोळे दोन्ही जाळतो. एकदा तो ओतला आणि तुंबलेलं निघालं नाही तर आता बेसिनमध्ये तेच जळजळीत पाणी भरून उभं आहे, त्यात प्लंजर मारला तर अंगावर उडणार आणि ट्रॅप उघडला तर हातावर येणार. म्हणून तो शेवटचा उपाय, पहिला नाही. आणि ब्लीचमध्ये अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ब्लीच आणि अमोनियाचंही तेच, त्यातूनही विषारी वायू निघतो.

न वापरलेल्या बाथरूममधून गटाराचा वास येत असेल तर काही उघडायची गरज नाही. ट्रॅपमध्ये जे पाणी उभं असतं तेच खालचा वास अडवतं, ते सुकलंय एवढंच. तांब्याभर पाणी ओता, झालं.

विजेचं काम: कुठपर्यंत आपण

इथे मी जरा आखडता हात घेऊन लिहितोय आणि तुम्हीही तसंच करा. स्विच बंद करणं म्हणजे वीज बंद करणं नव्हे, वायरिंग चुकीचं झालं असेल तर स्विच न्यूट्रलवर असतो आणि होल्डरमध्ये करंट तसाच राहतो. एमसीबी पाडायचा, आणि कोणीतरी येऊन परत चढवू नये म्हणून घरच्यांना ओरडून सांगायचं. मग टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून तो पेटतो ना बघायचं, मग कामाच्या जागी लावायचा, मग परत चालू सॉकेटवर. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही असं नुसतं धरून चालायचं नाही, टेस्टरच खराब असू शकतो.

एमसीबी सारखा पडतोय? त्या लाइनवरचे सगळे प्लग काढा, एमसीबी चढवा. पडला नाही तर एकेक प्लग लावत जा, ज्याच्यावर पडला ते उपकरण दोषी. सगळी एकदम चालू केल्यावरच पडत असेल तर लोड जास्त आहे, अर्धी उपकरणं दुसऱ्या लाइनवर न्या. जास्त अँपिअरचा एमसीबी बसवून घेणं हा उपाय नाही, मग एमसीबी पडायच्या ऐवजी भिंतीतली वायर तापते. काहीही जोडलेलं नसताना पडत असेल तर वायरिंगमध्ये दोष आहे, तिथे थांबा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. शेजारी आरसीसीबी असेल, ज्यावर "टेस्ट" असं छोटं बटण असतं, तर तो करंट गळायला लागला की पडतो, घरगुती वापराचा बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो. ते बटण अधूनमधून दाबून बघा, पडला पाहिजे. नाही पडला तर तो नुसता शोभेला आहे.

पंखा हळू फिरतोय आणि रेग्युलेटर ठीक आहे तर बऱ्याचदा कपॅसिटर, म्हणजे मोटरला जोडलेला छोटा डबा, गेलेला असतो. त्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा, उदाहरणार्थ २.५, तोच नवीनवर हवा, मोठा लावून पंखा जोरात पळेल हा गैरसमज आहे, मोटर तापते. बदलायचा तर एमसीबी पाडून, पंखा थांबल्यावर, आणि जुन्या कपॅसिटरच्या उघड्या टोकांना हात न लावता, कारण त्यात चार्ज उरलेला असू शकतो. शिडीवर चढून हे जमणार नाही असं वाटत असेल तर नका करू, लाज वाटायचं कारण नाही.

प्लग काळा पडलाय, सॉकेट गरम लागतंय, जळका वास येतोय, बटण दाबल्यावर चरचर ऐकू येते, यातलं काहीही असेल तर ते सॉकेट वापरणं आत्ताच बंद करा. मेन बोर्ड आणि गीझरच्या आतल्या कामाला हात लावू नका.

भिंतीत भोक पाडणं

स्विच किंवा सॉकेटच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीवर आडव्या रेषेत भोक पाडायचं टाळा, भिंतीतल्या वायरी साधारण तिथूनच जातात. नळाच्या वर-खालीही तसंच.

स्क्रू धरायला भोकात बसवतात त्या प्लॅस्टिकच्या गिट्टीवर जो आकडा असतो, समजा ६, तेवढ्याच मिलिमीटरचा बिट घ्या. गिट्टीच्या लांबीपेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त खोल जा, बिटवर टेपचा तुकडा गुंडाळून खूण करा. भोकातली धूळ काढा, ही पायरी सगळे गाळतात आणि मग गिट्टी निम्म्यात अडकते. गिट्टी हातोडीने हलकेच ठोकून भिंतीच्या पातळीला बसली पाहिजे, बोटाने सहज आत गेली म्हणजे भोक मोठं झालंय, स्क्रू धरणार नाही.

टाइलवर भोक करायचं असेल तर हॅमर मोड बंद, फुलीच्या आकारात मास्किंग टेप लावायची, टाइलचा बिट, कमी स्पीड, आणि बिट घसरू न देता दाब हळूहळू वाढवायचा. टाइल पार झाल्यावरच मागच्या भिंतीसाठी हॅमर चालू करा. टाइलच्या अगदी काठाला भोक नको, तडा जातो.

ओल आणि भेगा

सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ वाया जातो तो इथे, कारण ओल आली की लोक पोपडे खरवडून पुट्टी-रंग मारतात, चार महिने भिंत छान दिसते आणि मग परत तेच. पाणी कुठून येतंय ते थांबत नाही तोवर वरून काय लावलंत याला काही अर्थ नाही.

ओलीचा नकाशा बघा. जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंत सलग पट्टा आणि पांढरी पूड असेल तर पाणी जमिनीतून चढतंय, ती पूड म्हणजे पाण्याबरोबर आलेले क्षार. एकाच जागी गोल डाग, तोही बाथरूमच्या भिंतीच्या मागे, म्हणजे पाइप किंवा टाइलचे सांधे. छताच्या कडेला आणि फक्त पाऊस पडल्यावर वाढत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. कपाटाच्या मागे, कोपऱ्यात, काळे ठिपके असतील आणि बाकी भिंत धड असेल तर बहुधा हवेतलीच वाफ थंड भिंतीवर बसतेय.

खात्री करायची तर जागा पुसून कोरडी करा आणि वीतभर प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद चारी बाजूंनी टेपने सील करून चिकटवा. एक-दोन दिवसांनी बघा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीच्या आतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमलं तर ती वाफ आहे, त्याला खिडकी उघडणं, एक्झॉस्ट फॅन लावणं आणि कपाट भिंतीपासून थोडं पुढे सरकवणं हेच औषध, वॉटरप्रूफिंग नाही.

पाइप गळतोय का ते मीटर सांगतो. सगळे नळ बंद करा, टाकी भरत नाहीये ना बघा, मीटरचा आकडा फोटोत घ्या, दोन तास पाणी वापरू नका, परत बघा. आकडा हलला तर कुठेतरी पाणी जातंय. आकडा जागेवर आहे पण आंघोळीनंतरच ओल वाढते, तर पाइप नाही, फरशीचे सांधे किंवा मोरीचा ट्रॅप. मोरीचं तोंड बंद करून फरशीवर दोन बोटं पाणी काही तास उभं ठेवा, पातळीची पेन्सिलने खूण करा, पातळी उतरली आणि पलीकडे ओल वाढली की दुखणं सापडलं. खाली कोणी राहत असेल तर त्यांना आधी सांगून मगच हा प्रयोग करा.

पाणी थांबल्यावर भिंत पूर्ण वाळू द्या, यात आठवडेही जातात. सैल पोपडे काढा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतले तर ते परत आत जातात. मग प्रायमर, पुट्टी पातळ थरात, प्रत्येक थर वाळल्यावर पॉलिश पेपर, मग रंग.

भेगांचं वेगळं. केसाइतकी बारीक, वेडीवाकडी भेग बहुधा फक्त प्लास्टरची असते. भिंत आणि कॉलम जिथे भेटतात तिथे उभी सरळ भेग येते, कारण वीट आणि काँक्रीट उन्हात सारखं फुगत नाहीत. ती नुसती पुट्टीने बुजवली की पुढच्या उन्हाळ्यात परत दिसते, तिथे जाळीची टेप लावून वर पुट्टी द्यावी लागते. बुजवताना भेग आधी पत्र्याने थोडी रुंद करा, धूळ काढा, मग भरा. पण तिरकी, पायऱ्या-पायऱ्यांनी विटांच्या सांध्यातून जाणारी, दोन्ही बाजूंनी दिसणारी किंवा ५ मिलिमीटरपेक्षा रुंद भेग असेल तर पुट्टी आणू नका. दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा, रुंदी मोजून फोटो काढा, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. बीम किंवा कॉलमला तडा असेल, काँक्रीट सुटून गंजकी सळई दिसत असेल तर वाट बघायची नाही.

दार आणि बिजागऱ्या

दार घासतंय म्हटल्यावर लगेच रंधा मारू नका. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा, अर्ध्या वेळा तेच ढिले होऊन दार खाली झुकलेलं असतं. स्क्रू नुसता गोल फिरत असेल तर तो काढा, भोकात लाकडाच्या गममध्ये बुडवलेल्या दोन-तीन टूथपिक कोंबा, वाळल्यावर जास्तीचं कापा आणि स्क्रू परत पिळा. स्क्रू ठीक असतील आणि दार फक्त दमट हवेत अडकत असेल तर लाकूड फुगलंय, कोरड्या दिवसांत आपोआप मोकळं होतं, तेव्हा रंधा मारलेला असला तर फट पडते. करकर वाजणाऱ्या बिजागरीला खायचं तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं, मशिनचं तेल घाला. कुलपात मात्र पेन्सिलच्या शिशाची पूड.

सिलिकॉन

बेसिनच्या काठाचं काळं पडलेलं सिलिकॉन त्याच्यावरच नवीन ओढून झाकता येत नाही, सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला धरत नाही. जुनं ब्लेडने पूर्ण काढा, स्पिरिटने पुसा, रात्रभर कोरडं ठेवा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, नळकांड्याचं तोंड तिरकं कापलेलं, एकसलग रेघ, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच फिरवून घ्यायची आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप ओढायची. २४ तास पाणी नाही. आणि जिथे नंतर रंग द्यायचाय तिथे सिलिकॉन वापरू नका, त्यावर रंग बसत नाही, अ‍ॅक्रिलिक सीलंट घ्या.

कारागीर बोलवायचाच असेल तर

गॅसचा वास आला तर स्वतः काही दुरुस्त करायला जाऊ नका, तिथे बटण चालू-बंद न करता, काडी न पेटवता वॉल्व्ह बंद, खिडक्या उघड्या आणि सगळे बाहेर, फोन बाहेर गेल्यावर. भिंतीतला पाइप, मेन बोर्ड, छताचं वॉटरप्रूफिंग ही कामंही दुसऱ्यावर सोपवा. पण फोनवर "नळ गळतोय, या" एवढंच सांगू नका. कधीपासून, कुठून, पाणी बंद केल्यावर थांबतं का, मीटर हलतो का, प्लॅस्टिकच्या कागदाच्या कुठल्या बाजूला पाणी जमलं, हे फोटोसकट पाठवा, म्हणजे तो योग्य सामान घेऊनच येईल. काढलेला जुना भाग मागून घ्या आणि काम झालं की तो असतानाच पाणी पूर्ण दाबाने सोडून कोरडा टिश्यू सांध्यावरून फिरवा.